अँटेनाचा उरलेला अर्धा भाग

मारुंजीहून माण, घोटावडे, पौड करत ताम्हिणीच्या दिशेने निघालेल्या मोटारसायकलींच्या ताफ्यात मुळशीच्या जलाशयापर्यंत बहुतेकांचे फोन चालू असतात. घाट जवळ आला की नेटवर्क येतं-जातं, आणि मग बराच वेळ येतच नाही. पावसाळ्यात नेमका हाच टप्पा सगळ्यात गर्दीचा, निसरडा आणि धुक्याचा असतो. तोवर सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची गाडी यांच्यात दोन-तीन किलोमीटरचं अंतर पडलेलं असतं. मधल्या कुणाची चेन उतरली किंवा कुणी वळणावर घसरलं, तर ते पुढच्याला कळायला अर्धा तास सहज जातो. तो एखाद्या टपरीपाशी थांबतो, गाड्या मोजतो, एक कमी भरते, आणि मग कुणीतरी उलटं फिरतं. तो अर्धा तास कमी व्हावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ इंटरकॉम आता बऱ्याच जणांकडे आहेत आणि ते उत्तम चालतात. पण त्यांचा जीव लहान. समोरासमोर, सरळ रस्त्यावर शे-पाचशे मीटर, चांगल्या संचांचं त्याहून पुढे एखादा किलोमीटर. घाटातल्या दोन वळणांआड गेलेल्या गाडीपर्यंत तो आवाज पोचत नाही, कारण त्या लहरींना डोंगर ओलांडून किंवा वळसा घालून जाता येत नाही. जगभरातल्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांनी या अडचणीवर जुना उपाय टिकवून ठेवला आहे. गाडीवर छोटा रेडिओ संच, हँडलवर बोलण्याचं बटण आणि मागे कॅरिअरवर उभी अँटेना. त्या संचांतला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे सिटिझन्स बँड, थोडक्यात सीबी.

अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांच्या बोलण्यासाठी खुला झाला. पहिली काही वर्षं तो शेतकरी, छोटे व्यावसायिक आणि हौशी मंडळींपुरताच राहिला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, डिझेल कुठे मिळतंय याची शोधाशोध सुरू झाली, आणि ट्रकचालकांनी हा रेडिओ उचलून धरला. १ जानेवारी १९७७ पासून चॅनलची संख्या २३ वरून ४० झाली. होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली होती. पुढे तिच्या मोठ्या, सगळ्या सोयींनी सजवलेल्या आवृत्त्यांवर सीबी बसू लागला आणि मागच्या डिकीच्या दोन्ही बाजूंना दोन उंच काड्या हे टूरिंग गाडीचं रूपच ठरलं. आपल्याकडच्या पुष्कळ तरुणांनी सीबी अँटेना पहिल्यांदा पाहिली ती अशा फोटोंतून. त्यातून एक गैरसमजही आला, त्याबद्दल पुढे बोलूच.

भारतात हा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढा आहे आणि २००५ सालापासून त्यात पाच वॅटपर्यंतच्या कमी ताकदीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. अमेरिकी बनावटीच्या संचावर ४० चॅनल दिसतात, त्यांपैकी १ ते २७ आपल्या पट्ट्यात बसतात. २८ वं चॅनल २७.२८५ वर आहे, म्हणजे आपल्या हद्दीच्या दोन किलोहर्ट्झ बाहेर. तिथून पुढे बोलणं इथे बेकायदा आहे, मग संचाची तबकडी काहीही दाखवो. आणि सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. संचाची ताकद, त्याचा पट्टा, त्याला मिळालेली सरकारी मंजुरी आणि त्याच्यासोबतची अँटेना या सगळ्यांना अटी आहेत. तेव्हा गाडीवर बाहेरची अँटेना चढवण्याआधी राजपत्रातला नियम स्वतः वाचावा आणि आपला संच कोणत्या अँटेनासह मंजूर झाला आहे ते मंजुरीपत्रात पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ऑनलाइन दुकानात मिळतो म्हणून संच कायदेशीर असतो असं नाही. वॉकी-टॉकींच्या बेकायदा विक्रीमुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ साली ऑनलाइन बाजारपेठांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली, यावरून काय ते समजावं.

ज्यांना अँटेनाचे प्रयोग मनसोक्त करायचे आहेत त्यांनी सरळ हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना घ्यावा. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. त्यातला २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा पट्टा सीबीचा सख्खा शेजारी, त्यामुळे या पुस्तिकेतलं जवळजवळ सगळं त्याला जसंच्या तसं लागू पडतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा तर मोटारसायकलसाठी सीबीहून सोयीचा आहे. का, ते अँटेनाच्या लांबीचा हिशेब मांडला की आपोआप कळतं.

२७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण अकरा मीटर. उभ्या अँटेनाला सहजपणे काम करायला या तरंगलांबीच्या चौथाई लांबी लागते, म्हणजे पावणेतीन मीटर. आता आपल्याच परिसरात, चाकणला बनणारी डॉमिनार ४०० घ्या. तिची दोन चाकांच्या आसांमधली लांबी दीड मीटरच्याही आत आहे आणि अख्खी गाडी पुढच्या टायरपासून मागच्या दिव्यापर्यंत सव्वादोन मीटरच्या आत संपते. म्हणजे पूर्ण लांबीची अँटेना गाडीहून लांब होते. ती कॅरिअरवर उभी केली तर टोक जमिनीपासून साडेतीन मीटरच्या वर जातं. वाऱ्यात ती मागे वाकते, झाडांच्या फांद्यांना आणि गावातल्या लोंबत्या तारांना अडकते. म्हणून मोटारसायकलवर एक ते दीड मीटरची आखूड अँटेना लावतात आणि कमी पडलेली लांबी तारेच्या गुंडाळीने, कॉइलने भरून काढतात. १४५ मेगाहर्ट्झला हाच चौथाईचा हिशेब अवघा ५२ सेंटिमीटर येतो. तिथे कॉइलही लागत नाही.

गुंडाळीने लांबी भरून निघते असं म्हणताना एक गोष्ट लपून राहते. पूर्ण चौथाई अँटेना आदर्श जमिनीवर उभी असेल तर तिचा प्रसारण-रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. सव्वा मीटरच्या आखूड अँटेनाचा तो जेमतेम पाच ओहम भरतो. प्रसारण-रोध म्हणजे ज्या वाटेने शक्ती हवेत जाते ती वाट. याखेरीज शक्ती उष्णता होऊन वाया जाते त्या दोन वाटा आहेत, एक कॉइलची आणि दुसरी जमिनीची. समजा कॉइलमध्ये तीन ओहम गेले आणि जमिनीत वीस. मग संचाने दिलेल्या चार वॅटपैकी हवेत जातो पाऊण वॅटहूनही कमी. जमिनीतला वीसचा आकडा आठवर आणला तर तोच संच, तीच अँटेना, आणि हवेत जातो सव्वा वॅट. एक रुपयाचा नवा संच न घेता, एक सेंटिमीटर अँटेना न वाढवता हे साधतं. या पुस्तिकेचा सगळा भर त्या एका आकड्यावर आहे.

जमीन म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. उभी काडी ही अँटेनाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग काडीच्या बुडाशी असलेल्या धातूने पुरवायचा असतो. मोटारीचं छप्पर तो पुरवतं, ट्रकची केबिन पुरवते. मोटारसायकलवर सपाट पत्रा नाही. आहे ती लोखंडी चौकट, इंजिन, सायलेन्सर, कॅरिअर आणि टाकी, आणि हे सगळं रबरी बुशांनी, प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी आणि पावडर कोटिंगच्या थरांनी एकमेकांपासून तोडलेलं. डोळ्यांना गाडी एकसंध लोखंडाची दिसते. मल्टिमीटर लावला की ती वेगळ्याच तुकड्यांची निघते. टॉप बॉक्स तर बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो, आणि नेमकी त्याच्याच झाकणावर अँटेना बसवलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

काम कसं करायचं ते इथे थोडं जवळून सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांचं सार यात आहे. कॅरिअरची नळी जिथे मागच्या चौकटीला बोल्टने जोडलेली असते तो बोल्ट काढायचा. वॉशरखालचा काळा रंग सँडपेपरने घासून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत गोल उघडा करायचा, चौकटीच्या बाजूचाही. सामान्य वॉशरऐवजी दातेरी स्टार वॉशर घालायचा, म्हणजे तो आवळताना धातूत रुततो. मग तांब्याच्या वेणीची पट्टी, बॅटरीच्या अर्थला वापरतात तशी पण रुंद आणि शक्य तितकी आखूड, एका टोकाला अँटेनाच्या बैठकीला आणि दुसऱ्या टोकाला चौकटीला आवळायची. दुसरी तशीच पट्टी चौकटीपासून इंजिनला आणि तिसरी सायलेन्सरच्या कंसाला. गोल वायर इथे चालत नाही. या वारंवारतेला प्रवाह धातूच्या वरच्या कातडीतून वाहतो, म्हणून पट्टी जितकी रुंद तितका अडथळा कमी. शेवटी उघड्या केलेल्या धातूवर ग्रीस, कारण ताम्हिणी उतरून माणगावला, पुढे श्रीवर्धन-दिवेआगरला जाणाऱ्या गाडीला खारी हवा लागतेच, आणि गंजलेला सांधा पुन्हा शून्यावर आणून सोडतो.

हे झालं की लगेच मीटर लावावा, आणि इथेच पुष्कळजण फसतात. एसडब्ल्यूआर मीटर अँटेनाकडून परत फिरलेल्या शक्तीचं प्रमाण दाखवतो. आकडा दीड असेल तर चार टक्के शक्ती परत येते, दोन असेल तर अकरा टक्के, तीन असेल तर चौथाई. म्हणून सगळे आकडा एकच्या जवळ आणण्याच्या मागे लागतात. पण वरचाच हिशेब पुढे न्या. प्रसारण पाच ओहम, कॉइल तीन आणि जमीन बेचाळीस असेल तर बेरीज पन्नास होते. केबल पन्नास ओहमची, तेव्हा मीटर एकास एक दाखवणार, अगदी निर्दोष. हवेत मात्र दहा टक्केच जातं, बाकी सगळं गंजलेल्या सांध्यांत तापतं. उलट जमीन सुधारली की बेरीज सोळावर येते आणि मीटरचा आकडा तीनच्या पुढे सरकतो. काम बिघडलं असं समजून माणूस पट्ट्या काढून टाकतो. करायचं असतं ते वेगळंच. अँटेनाच्या बुडाशी जुळणीची छोटी कॉइल घालून सोळाचे पन्नास करून घ्यायचे. तेव्हा एकट्या मीटरवर विसंबू नका. दुसरी गाडी एक-दोन किलोमीटरवर उभी करा, तिच्या संचावरची सिग्नलची सुई किती चढते ते विचारा. खरी परीक्षा ती.

सूर जुळवण्याची रीत मात्र मीटरनेच ठरते. आपल्या पट्ट्याचा मध्य २७.१२० वर येतो, म्हणजे १३ आणि १४ या चॅनलांच्या मधोमध. मोजताना चॅनल १, १३ आणि २७ अशी तीन मापं घ्यावीत. १ वर आकडा जास्त आणि २७ वर कमी असेल तर अँटेना आखूड आहे, टोकाची काडी थोडी वर काढावी. २७ वर जास्त असेल तर ती लांब आहे, खाली घ्यावी. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये. अमेरिकी माहितीपत्रकात १, २० आणि ४० या चॅनलांवर मोजायला सांगितलेलं असतं. तसं केलं तर अँटेना अमेरिकेच्या पट्ट्याच्या मध्यावर जुळते, आपल्या नाही. माप घेताना गाडी साइड स्टँडवर नको, मेन स्टँडवर किंवा कुणीतरी वर बसून सरळ धरलेली हवी, कारण जमीन जवळ-दूर झाली की आकडा हलतो. आणि हिंजवडीच्या बाजूला इमारतींच्या बेसमेंटमध्ये माप घेऊ नये. सळयांच्या जंगलात कोणतंही माप खरं येत नाही. कासारसाईच्या बाजूला मोकळं माळरान मिळेल, फक्त डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा जात नाहीत ना ते आधी पाहावं.

आता त्या दोन अँटेनांबद्दल. गोल्ड विंगच्या फोटोंत दिसणाऱ्या दोन काड्यांपैकी बहुधा एक सीबीची आणि दुसरी साध्या एएम-एफएम रेडिओची असते. अमेरिकी ट्रकवर मात्र खरोखर सीबीच्याच दोन अँटेना असतात, आरशांच्या दांड्यांना एकेक. त्यांच्यातलं अंतर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे चौथाई तरंगाला जवळ, आणि म्हणून त्या जोडीचा पुढे-मागे थोडा फायदा होतो. त्यासाठी ७५ ओहमच्या ठरावीक लांबीच्या दोन केबल एकत्र आणतात. चौथाई तरंगाच्या विषम पटीतली ती केबल ५० ओहमचे ११२ करते, दोन ११२ समांतर जोडले की ५६ होतात, आणि संच सुखी राहतो. हा हिशेब सुंदर आहे. पण मोटारसायकलच्या कॅरिअरच्या दोन टोकांत अर्धा मीटरही अंतर नसतं. इतक्या जवळच्या दोन अँटेना एकमेकींना ओढतात, सूर बिघडवतात आणि फायदा काहीच देत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. मोटारसायकलवर सीबीसाठी एकच अँटेना लावावी, आणि दुसरीचे पैसे चांगल्या केबलवर आणि तांब्याच्या पट्ट्यांवर घालावेत. रूपासाठी दुसरी काडी हवीच असेल तर ती संचाला जोडू नये.

अँटेना सुधारली की पहिल्यांदा जाणवतो तो गोंगाट. कान तीक्ष्ण झाला की कुजबुजही ऐकू येते, तसं आतापर्यंत न ऐकलेला खरखराट हेडसेटमध्ये भरतो. काहीजण अँटेनाला दोष देतात. दोष बहुधा गाडीचा असतो, आणि तोही कारखान्यातून आलेल्या गाडीचा नाही. नव्या मॉडेलचा विद्युतचुंबकीय गोंगाट मंजुरीच्या वेळी तपासला जातो. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या पुण्यातल्या संस्थेत त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पण त्यानंतर आपण गाडीला लावतो ते फॉग दिवे, मोबाइल चार्जर, जीपीएस, कॅमेरा हे कुठल्या चाचणीतून गेलेले असतात? स्वस्त यूएसबी चार्जर हा २७ मेगाहर्ट्झवरचा सर्वांत मोठा शत्रू. त्याच्या आत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा स्विच असतो, आणि त्याची पिलावळ वरच्या वारंवारतांवर पसरते. इंजिनाचा गोंगाट वेगळा ओळखू येतो, कारण तो आरपीएमबरोबर चढतो. डॉमिनारला एका सिलिंडरला तीन स्पार्क प्लग आहेत, तेव्हा रोधक असलेले प्लग आणि त्यांच्या धड टोप्या तिथे फार महत्त्वाच्या. शोधण्याची रीत साधी. संच थेट बॅटरीवर चालवावा, चावी बंद ठेवून ऐकावं, मग चावी, मग इंजिन, मग एकेक दिवा, आणि शेवटी चार्जर. ज्या बटणाला खरखर उसळते तो चोर.

गाडी पूर्ण शांत असूनही मारुंजी ते चाकण या टप्प्यात संचावर अधूनमधून गुणगुण ऐकू येईल. तिला घाबरू नये. २६.९५७ ते २७.२८३ हा पट्टा मुळात जगभर औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला आहे, आणि सीबी त्यांच्या घरात पाहुणा आहे. पीव्हीसीची शीट, कापड, ताडपत्री यांचे सांधे उष्णतेने जोडणारी हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंग यंत्रं २७.१२ वरच चालतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांनी भरलेल्या आपल्या परिसरात त्यांची वस्ती असणारच. परवान्यातून सूट घेतलेल्या माणसाला या गोंगाटापासून संरक्षण मागता येत नाही आणि दुसऱ्याला त्रासही देता येत नाही, हा त्या सुटीचा पायाच आहे. चॅनल बदलावं, पुढे जावं.

या मातीचं आणि अँटेनाचं नातं जुनं आहे, आणि ते इथल्या तरुणांना माहीत असावं असं मला फार वाटतं. १९२७ सालच्या जुलैत इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सेवा सुरू केली, तिचं प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण दौंडला होत असे. समुद्राखालच्या केबलवर अवलंबून असलेल्या देशाचा आवाज पुण्याच्या या उत्तर काठावरून, उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांतून हवेत गेला. तिथेही प्रश्न आजचाच होता, ताकद किती आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेला आणि किती नेटकेपणाने सोडली आहे. चाकणवरून नाशिक रस्त्याने उत्तरेला गेलं की नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, आणि त्यांचं काम आपल्या संचाच्या नेमकं उलटं. आपण बोलतो, त्या ऐकतात, आणि ऐकतात ते अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींचा अंश. ती जागा निवडण्यात रेडिओच्या गोंगाटापासूनची शांतता हे मोठं कारण होतं. दुर्बिणीची ऐकण्याची खालची मर्यादा १२५ मेगाहर्ट्झपर्यंत येते, म्हणजे हॅमचा १४५ चा पट्टा तिच्या कानातच पडतो. जुन्नर, माळशेज, नाणेघाटाकडे जाणाऱ्या ताफ्यांनी त्या परिसरात बोलण्याचं बटण दाबू नये. तिथे फोनला नेटवर्क असतं, काही अडत नाही.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगितलं पाहिजे. पाच वॅटच्या पुढे ताकद वाढवणारी लिनिअर अँप्लिफायर नावाची यंत्रं कुठेतरी मिळतात. त्यांची माहिती मी जाणूनबुजून दिलेली नाही, कारण ती बेकायदा आहेत आणि निरुपयोगीही. ज्या गाडीला जमीन नाही तिला पन्नास वॅट दिले तर गंजलेले सांधे तेवढे जास्त तापतील. पोलीस किंवा रेल्वे यांच्या वारंवारता ऐकण्याचा विषयही नाही. आणि चालवताना हात सोडून मायक्रोफोन उचलण्याचा प्रकार तर मुळीच नाही. बटण डाव्या मुठीच्या अंगठ्याखाली, माइक हेल्मेटमध्ये, संच सीटखाली किंवा टाकीवरच्या पिशवीत. केबल कोणत्याही परिस्थितीत स्टिअरिंगच्या फिरण्यात किंवा सायलेन्सरला टेकून जाता कामा नये. अँटेनाच्या टोकाला गोल बोंड असलंच पाहिजे. अँटेना काढता-लावताना किंवा ती वाकली तर ते टोक डोळ्यात जाऊ शकतं. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अँटेना काढून गाडीला आडवी बांधावी, घाटमाथ्यावर उघड्यावर तर नक्कीच.

मोटारसायकल बनवणं हा या पट्ट्यातल्या हजारो घरांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेल्डचा सांधा हाताला कळतो, आणि मारुंजी-हिंजवडीच्या कार्यालयांत बसणाऱ्यांना सिग्नलचं गणित कळतं. रविवारी हे दोघे एकाच रस्त्यावर असतात. पहिल्याने घासलेला बोल्ट आणि दुसऱ्याने मोजलेला आकडा एकत्र आले तर या विषयात इथे खूप काही नवं होऊ शकेल. आपल्या गाड्यांच्या चौकटी, आपले पावसाळे, आपले घाट यांवर केलेली मापं मराठीत जवळजवळ कुठेच छापलेली नाहीत, आणि परदेशी गाड्यांची मापं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढची प्रकरणं वाचून आपल्या गाडीवर काम केलंत तर चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. गाडीचं मॉडेल, अँटेना कुठे आणि किती लांबीची बसवली, पट्ट्या लावण्याआधीची आणि नंतरची तिन्ही चॅनलांवरची मापं, आणि दुसऱ्या गाडीशी नीट बोलता आलं ते सर्वांत जास्त अंतर, ठिकाणासह. ताम्हिणीतलं अंतर आणि नगर रस्त्यावरचं अंतर वेगवेगळं लिहा. फसलेले प्रयोगही लिहा, ते जास्त उपयोगी पडतात. हे आकडे प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या आवृत्तीत ते गाडीवार कोष्टकात छापले जातील.